अडथळ्यांच्या धड्यात तुळस

गोवा राज्य झालं त्या वर्षी माझ्या वडिलांनी सर्वणच्या आमच्या अंगणात उभं राहून जाहीर केलं की मी सर्वेअर होणार.

"राज्य जालां," ते म्हणाले. "आता शीम मेजपाक मनीस लागतले."

त्यांची समजूत अशी होती की दिल्लीने राज्य दिलं खरं, पण त्याची हद्द मोजून दिलेली नाही. आज ना उद्या कोणीतरी येऊन म्हणेल, दाखवा बघू कुठून कुठपर्यंत, आणि तेव्हा घरात टेप हाताळणारा माणूस असलेला बरा. मला त्यात चूक काढता येईना. बारावीनंतर वडिलांच्या बोलण्यात चूक काढण्याइतका मी कुठेच हुशार नव्हतो.

योगायोगाने साखळीच्या कॉलेजात त्याच वर्षी सर्वेक्षण आणि नकाशाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम निघाला. कॉलेजकडे त्यासाठी खोली नव्हती, म्हणून बाजारातल्या एका पदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, माडी भाड्याने घेतली होती. खाली भट्टी, वर आम्ही. सकाळी पावांचा वास यायचा आणि दुपारपर्यंत जमीन इतकी तापायची की टेबलावरचा ड्रॉइंगचा कागद पोळीसारखा फुगायचा. आमच्या पहिल्या वर्षाच्या नकाशांत डिचोली तालुका मध्यभागी थोडा वर आलेला दिसतो तो त्यामुळे.

आम्ही सहाजण होतो. सगुणसकट तिघांना वाणिज्य शाखेची रांग लांब वाटली म्हणून ते इकडे आले होते. कोरगावच्या गौरेशला वाटलं होतं की सर्वे म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजायची. गौरवी मात्र हा विषय शिकायचा म्हणूनच आली होती, आणि हे कळल्यावर पहिले काही आठवडे आम्ही तिच्याशी जरा जपून वागत होतो.

शिकवायला आनंदा चौगुले सर. मूळचे गडहिंग्लजकडचे, खाणीवर सर्वेअर म्हणून आलेले, आणि हा अभ्यासक्रम काढायचा म्हणून ती कायमची नोकरी सोडून बसलेले. सोबत खाणीवरून निवृत्त झालेला एक थिओडोलाइट आणला होता. हे यंत्र म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. तिने कोन मोजतात. जुन्या पद्धतीचं असल्यामुळे त्यातून सगळं उलटं दिसे. माड मुळं वर करून लटकत, माणसं डोक्यावर चालत.

"हे उलटं का दिसतं, सर?" गौरेशने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सुलटं करायला आणखी एक भिंग लागतंय, मर्दा. त्येच्यात उजेड वाया जातो. सवय करून घ्या."

आम्ही केली. पुढेपुढे मला सुलटी माणसं जरा विचित्र वाटू लागली.

अभ्यासक्रम तीन वर्षं प्रायोगिक तत्त्वावर होता. शेवटी विद्यापीठाची समिती येणार होती. आम्ही एक अख्खं गाव मोजून त्याचा नकाशा करायचा, समिती त्यातली मनाला येईल ती रेघ स्वतः जागेवर मोजणार. जुळली तर आम्हाला पदवी आणि अभ्यासक्रम कायम. नाही जुळली तर अभ्यासक्रम बंद आणि आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र. आमच्या वाड्यावर असलं प्रमाणपत्र चवथीला मखरांच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या सगळ्यांना देतात. एका वर्षी ते स्पर्धेच्या मंडपात झोपलेल्या माणसालाही मिळालं होतं.

इकडे वडिलांनी घराच्या दारावर 'नितीन, सर्वेअर' अशी पाटी लावून टाकली होती. लोक बांधाची भांडणं घेऊन येत. मी त्यांना परीक्षा झाल्यावर या म्हणून सांगे. तीन वर्षांत बरीच भांडणं साठली होती आणि सगळ्यांनी आपापले दांडे तसेच कुंपणाला टेकवून ठेवले होते.

गाव कोरगाव ठरलं, कारण तिथे गौरेशची काकी होती आणि ती जेवू घालणार होती. दुसरं कुठलंही शास्त्रीय कारण नव्हतं.

काम सांगायला सोपं. एका दगडावर खूण करून निघायचं, रेघेरेघेने गावाला वळसा घालायचा, प्रत्येक रेघेची लांबी टेपने आणि प्रत्येक वळणाचा कोन यंत्राने घ्यायचा, आणि फिरून त्याच दगडावर यायचं. मग हे सगळं कागदावर उतरवायचं. कागदावरही रेघ फिरून निघाल्या जागी आली, तर मोजणी बरोबर. सर याला 'घर गाठणं' म्हणत. रेघ घरी आली पाहिजे. दारू प्यायलेला माणूससुद्धा येतो, म्हणायचे.

काजू मोहरले होते तेव्हा आम्ही सुरुवात केली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वायंगणाच्या भाताची शेतं, पाण्याने भरलेली. मध्ये वाडा, म्हणजे घरांची वस्ती. त्या वाड्यात वाट अशी वेगळी नाहीच. ती एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते, आणि जाता जाता जेवलास काय म्हणून विचारते. आम्हीही अंगणांतून गेलो. गौरेश टेपचं पुढचं टोक धरून चाले, सगुण मागचं, मी यंत्रावर, गौरवी कागदावर. सारवलेलं अंगण आलं की सगळे चपला काढत.

चंद्रावतीकाकी पहिल्या दिवशी ओट्यावरून बघत राहिली.

"रस्तो करतले व्हय रे?"

"ना गे काकी, नकाशा."

"मागीर रस्तो?"

"रस्तो ना."

"मग कित्याक मेजतात?"

"परीक्षा आसा."

"आगे बाये," काकी म्हणाली. "गावाची की तुमची?"

काम संपलं आणि गौरवीने पदेराच्या माडीवर सकाळच्या थंड वेळी रेघा उतरवल्या. रेघ डोंगराच्या कडेने आली, देवळामागून वळली, वाड्यातून गेली आणि आमच्या दगडाच्या दिशेने येऊन त्याच्यापुढे निघून गेली. घरी आलीच नाही. दगड आणि रेघेचं टोक यांत एवढी फट होती की तिथे एक म्हैस आरामात उभी राहिली असती, आडवी.

सरांनी फटीवर बोट ठेवलं.

"ही कसली म्हणायची?"

खाली पदेर पावांच्या पाट्या ओढत होता.

"सर, कागद फुगला असेल," सगुण म्हणाला.

"सकाळ हाय अजून."

सरांनी आकडे तपासले, गौरवीने सरांचे तपासले. कोन ठीक होते. लांब्यांत कुठेतरी चूक होती, पण कुठे ते कळेना. समिती पुढच्याच आठवड्यात येणार होती. गौरेश म्हणाला, जिथे रेघ संपते तिथे आपण तो दगड उचलून ठेवू. सरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो स्वतःच म्हणाला, "ना, जड आसा तो."

सर खिडकीपाशी गेले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. "गावाकडं थोरल्या भावाला सांगून आलोय, कॉलेज काढलंय म्हणून," ते म्हणाले. "जाऊन आता काय सांगू, कोर्स घरी आला न्हाई?"

कोर्स बंद पडला तर काय याचा मी तोवर फक्त माझ्या पाटीपुरता विचार केला होता. आता मला त्यांच्या भावाचीही काळजी वाटू लागली, ज्याला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आम्ही परत कोरगावला गेलो आणि वाड्यातल्या रेघा पुन्हा मोजायला लागलो. मी यंत्रावर होतो. दुर्बिणीतून गौरेश उलटा दिसत होता, पाय आभाळात. तो काकीच्या अंगणात शिरला, टेप घेऊन तुळशीपाशी आला आणि तुळस उजव्या हाताला ठेवून बाजूने गेला. मागून सगुणही त्याच वाटेने. टेप त्यांच्यामध्ये तुळशीला वळसा घालून पडला होता, देवाच्या गळ्यातल्या माळेसारखा.

हे मी पहिल्या खेपेलाही पाहिलं असणार. पण उलटा माणूस काय करतो याची चौकशी कोण करत बसतो.

"सर," मी म्हटलं, "जरा इकडे बघता?"

सरांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"आयला," ते हळूच म्हणाले. "प्रदक्षिणा घालतोय."

गौरेशला हाक मारली. त्याला पटेना. "मी सरळच गेलों, सर."

"आणि तुळस?"

"तुळशीवयल्यान टेप कसो व्हरप?" त्याने खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं. तुळशीवरून टेप ओढायचा हे त्याच्याच काय, आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाय आपोआप वळले होते. आणि वाड्यात एकामागून एक अंगणं, प्रत्येक अंगणात एक तुळस, प्रत्येक तुळशीमागे दोनेक हातांची भर. सगळे वळसे एकत्र केले की ती म्हैस तयार होत होती.

सर काकीच्या ओट्यावर बसले आणि पुस्तक उघडलं. त्यात अडथळे नावाचा एक धडा आहे. मोजणीच्या वाटेत काही आलं तर बाजूला त्रिकोण टाकून पलीकडची लांबी हिशेबाने कशी काढावी ते त्यात दिलंय. हा धडा आम्हाला पाठ होता. अडथळे कोणते, तर तळे, इमारत, टेकडी. तुळस नव्हती.

"तुळस अडथळा कसा असेल, सर?" गौरवी म्हणाली. "ती देवी."

"त्येच तर," सर म्हणाले. "म्हणूनच कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."

मग प्रत्येक तुळशीच्या बाजूला त्रिकोण टाकला, सगळ्या लांब्या नव्याने काढल्या, आणि गौरवीने पुन्हा रेघा उतरवल्या. या वेळी रेघ वाड्यातून सरळ आली, वळली आणि दगडावर येऊन बसली. म्हशीची जागा उरली नाही. खाली जाऊन सरांनी पदेराकडचे पाव आणले आणि आम्ही ते नुसतेच खाल्ले. नकाशाचं शीर्षक गौरवीने देवनागरीत लिहिलं, फक्त 'कोरगाव'. तेव्हा भाषेवरून घराघरांत बोलणं बंद होतं. पण हे शीर्षक कोंकणीवाल्यांना कोंकणी वाटलं आणि मराठीवाल्यांना मराठी, आणि आम्ही कोणालाच काही सांगितलं नाही.

समितीत दोघं होती. अध्यक्ष डॉ. विनोदिनी केंकरे, गणिताच्या. पांढरी सुती साडी, बारीक चष्मा, आणि चेहरा असा की आपण काही न बोलताच उत्तर चुकलं आहे असं वाटावं. दुसरे सदस्य कुठल्याशा कार्यालयातले होते आणि प्रत्येक गोष्टीला तत्त्वतः हो म्हणत.

बाईंनी नकाशा काकीच्या ओट्यावर पसरला आणि बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवलं.

"ही रेघ."

ती नेमकी काकीच्या अंगणातली होती. आम्हाला बरंच वाटलं. या रेघेवर आमचा जितका विश्वास होता तितका स्वतःच्या नावावर नव्हता.

"टेप मी धरीन," बाई म्हणाल्या. "विद्यार्थ्यांनी मोजलेलं विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यायला मी इतक्या लांब आले नाही. चौगुले, तुम्ही शून्य धरा."

त्यांनी चपला काढल्या, टेप हातात घेतला आणि निघाल्या. मी यंत्रापाशी उभा होतो, सवयीने डोळा लावलेला. बाई आभाळातून पावलं टाकत तुळशीपाशी आल्या. तुळस उजव्या हाताला ठेवली. बाजूने गेल्या.

मी डोळा काढला. सुलट्याही तिथूनच गेल्या होत्या.

शेवटच्या खुंटीशी थांबून त्यांनी आकडा वाचला, नकाशावरचा बघितला, आणि पुन्हा आकडा वाचला.

"जास्त येतंय," त्या म्हणाल्या. "बरंच."

सर शून्य धरून उभे होते. त्यांना दिसलं होतं. दिसलंच असणार, तेच तर टेपच्या दुसऱ्या टोकाला होते. गणिताच्या विभागप्रमुखाला, बाई तुम्ही सरळ चालला नाहीत, हे कुठल्या भाषेत सांगायचं ते राजभाषा कायद्यातही दिलेलं नाही.

"उलट बाजूने घेऊन पाहू," बाई म्हणाल्या. "चूक असेल तर कळेल."

सरांनी शून्य त्या टोकाला आणून धरलं आणि त्या परत निघाल्या. येताना पुन्हा तुळस उजव्या हाताला, म्हणजे या खेपेस दुसऱ्या अंगाने. आकडा तोच.

"दोन्ही बाजूंनी सारखाच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. तेच भयंकर होतं. "चौगुले, तुमची रेघ चुकली आहे. मला वाईट वाटतं."

"तत्त्वतः चुकली आहे," दुसरे सदस्य म्हणाले.

गौरवी नकाशाकडे बघत होती. गौरेशने माझ्या शर्टाची बाही धरली होती. मला दारावरची पाटी दिसत होती आणि ती काढताना खिळे निघणार नाहीत असंही वाटत होतं.

एवढ्यात घरातून चंद्रावतीकाकी आली. हातात हळदीकुंकवाचा करंडा. ती थेट बाईंपाशी गेली.

"रावा बाय. एक प्रदक्षिणा जाली. एक करून सोडूंक जायना. आमगेर पांच करतात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "कसली प्रदक्षिणा?"

"तुळशीची न्ही? आत्ता घातलीस न्ही तू? ही अशी," काकीने हवेत बोट फिरवलं, "गेलीस हांगच्यान, आयलीस थंयच्यान. पुराय जाली. पोरां सगळीं अर्धीच घालून वतात. तूंच एक पुराय करून आयलीस."

बाईंनी हातातल्या टेपकडे पाहिलं. टेप तुळशीच्या कडेने वाकून पडला होता. मग तुळशीकडे पाहिलं. मग आपल्या अनवाणी पायांकडे. कपाळावर काकी कुंकू लावत होती, त्यामुळे त्यांना मान हलवता येत नव्हती.

"पाच ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"पांच."

त्यांनी टेप खाली ठेवला आणि उरलेल्या चार घातल्या. शांतपणे, हात जोडून. आमचं सगळं भवितव्य तुळशीभोवती फिरत होतं आणि आम्ही रांगेत उभे राहून बघत होतो. दुसरे सदस्य करावं की नाही ते न कळून शेवटी एक घालून आले.

प्रदक्षिणा संपवून बाई सरांसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही ही रेघ कशी मोजलीत?"

"त्रिकोण टाकून, मॅडम. बाजूनं."

"आणि त्याच्या आधी?"

सरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. त्यांना ते लपवता आलं असतं.

"त्येच्या आधी आपल्यासारखीच, मॅडम. सगळ्या वाड्यात. लई फट पडली होती. मग पोरांनीच शोधली."

मग त्यांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी झालं. पुढे वर्षभर आम्ही त्यावर वाद घातला, गौरवीच्या मते ते हसू होतं.

"मी चाळीस वर्षं सरळ रेघ शिकवते आहे," त्या म्हणाल्या. "दाखवा तुमचा त्रिकोण."

गौरवीने खुंट्या मारल्या, गौरेशने टेप धरला, सगुणने बाजू वाचल्या, बाईंनी तोंडी हिशेब केला. आकडा आला तो नकाशावरचाच. एका बोटाचा फरक होता. बाई म्हणाल्या, बोट माझं असेल.

तिथेच ओट्यावर बसून त्यांनी शिफारस लिहिली. सर दोन खुंट्यांच्या मध्ये जमिनीवर बसले, सारवलेल्या अंगणात, पँट घालून, आणि उठायचं नावच घेईनात. काकीने काजूचा नीरो आणला. दुसऱ्या सदस्यांनी पेला नाकाशी नेऊन विचारलं, हा गोड नीरोच ना, की चढणारा हुर्राक? गौरेश म्हणाला, तत्त्वतः नीरो. त्यांनी दोन घेतले.

निघताना बाई गाडीपाशी थांबल्या. "चौगुले, अडथळ्यांच्या धड्यात तळे, इमारत, टेकडी एवढंच आहे का?"

"व्हय, मॅडम."

"बघू," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सर साखळीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून झोपले ते म्हापसा गेलं तरी झोपूनच होते. इतकं गाढ झोपलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. उतरल्यावर पहिलं काम त्यांनी गडहिंग्लजला फोन लावायचं केलं. आम्ही बूथबाहेर उभे होतो. आतून एवढंच ऐकू आलं, "आला घरी. व्हय. कोर्स आला घरी."

पदवी मिळाली. वडिलांनी पाटी काढून पुन्हा लावली, या वेळी सरळ. साठलेली भांडणं मी एकेक करून मोजली. बहुतेकांचे बांध जिथल्या तिथेच होते, पण मोजून तिथेच असल्याचा त्यांना फार आनंद झाला.

पुढच्या वर्षी अभ्यासक्रमाला वीसेक मुलं आली, त्याच्या पुढच्या वर्षी रांग लागली. वाणिज्यपेक्षा लांब. पदेराची माडी अपुरी पडून कॉलेजने दोन खोल्या बांधल्या. तिथे कागद फुगत नाही, पण पावांचा वासही येत नाही. नवा थिओडोलाइट आला, त्यात सगळं सुलटं दिसतं. जुना सरांनी टाकू दिला नाही. आणि विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमात, दुसऱ्या सत्रात, आता स्वच्छ लिहिलेलं आहे: अडथळे: तळे, इमारत, टेकडी, तुळस. बाहेरगावचे एक परीक्षक आले होते, त्यांना ती छपाईची चूक वाटली. सर त्यांना कोरगावला घेऊन गेले.

आता मी साखळीच्या त्याच कॉलेजात शिकवतो. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना काही न सांगता काकीच्या अंगणात नेतो, हातात टेप देतो आणि म्हणतो, ही रेघ मोजा. काकीची तक्रार असते की सारवण टिकत नाही आणि तुळस मात्र उगाच माजली आहे. मी जुना थिओडोलाइट लावून बसतो. मुलं पाय वर करून आभाळातून येतात, चपला काढतात, आणि तुळशीपाशी पोचली की वळतात. एकूणएक.

एका वर्षी एक मुलगा टेप घेऊन सरळ तुळशीच्या दिशेने निघाला होता. मी यंत्र सोडून उभा राहिलो. तो अगदी जवळ गेला, थांबला, आणि मग बाजूने वळला. मी सुटकेचा निःश्वास टाकून त्याचं उत्तर चूक म्हणून खूण केली.